गळ्यातलं खुरपं

कूग्लरबाईंनी उभ्या जन्मात कुणाला अर्धा मार्क दिला नाही. हार्लन्स फोर्डमध्ये हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. उत्तर आलं तर एक, नाही आलं तर शून्य, आणि ते शून्य बाई इतकं गोल, इतकं निगुतीने काढायच्या की बघणाऱ्याला वाटावं, बाईंना हाच आकडा आवडतो. खोटं कशाला बोला, आवडतच होता.

शिकवायच्या इंग्रजीच, पण त्यांची तऱ्हा वेगळी होती. शब्द पाठ करायचा नाही, खणून काढायचा. प्रत्येक वजनदार इंग्रजी शब्दाखाली लॅटिन नाहीतर ग्रीक मूळ असतं, ते हाताला लागलं की अर्थ आपसूक वर येतो, असं त्यांचं म्हणणं. फळ्यावर 'इन्स्पेक्टर' लिहायच्या. 'इन'खाली रेघ, म्हणजे आत. 'स्पेक्ट'खाली रेघ, म्हणजे पाहणं. मग वर्गाकडे वळून म्हणायच्या, "आत डोकावून बघतो तो. कुणी सांगितलं तुम्हाला? कुणी नाही. खणलं म्हणून कळलं." टेली म्हणजे दूर आणि फोन म्हणजे आवाज. क्रोन म्हणजे काळ. पोर्ट म्हणजे वाहून नेणं. कुणी अडखळलं की त्याच्या बाकाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "खण." समोरचा घामाघूम. शेजाऱ्याने कुजबुजायचं नाही, आणि बाई तर पहिलं अक्षरसुद्धा सुचवायच्या नाहीत. "आज मी हात दिला तर उद्या कोण देणार? मी येऊ का तुझ्यामागे जगभर?" एखादा हुशारी करायचा, "बाई, ते 'क्रोन'वरून आहे." त्यावर ठरलेलं उत्तर, "मूळ चघळून पोट भरत नाही. शब्द सांग. येत नाही? शून्य. बस खाली."

ज्या शब्दांना लॅटिन-ग्रीक मुळं नाहीत ते बाईंच्या लेखी शब्दच नव्हते. ब्रेड, स्पून, शू, डॉग. "हे सगळं स्वयंपाकघरातलं तण," असं म्हणायच्या. "ते घरी उपटत बसा. माझ्या वर्गात आणू नका." आणि दरवर्षी एक विनोद ठरलेला. कुणी विचारायचं, "बाई, पाणी प्यायला जाऊ?" की बाई म्हणायच्या, "लॅटिनमध्ये 'हो'साठी सरळ एक शब्द नाही. रोमन लोकांचं त्यावाचून काही अडलं नाही, माझंही अडत नाही." सगळे हसायचे. न हसून सांगतात कुणाला.

शुक्रवार हा खुरप्याचा वार. अख्खा वर्ग उभा राहायचा, बाई एकेकाला शब्द टाकायच्या, चुकेल तो खाली बसायचा. जो सर्वांत आधी बसेल त्याच्या गळ्यात खुरपं. खरंखुरं, बाईंच्या आईच्या बागेतलं, गंजलेलं, सुतळीत ओवलेलं. पुढच्या शुक्रवारपर्यंत ते उतरवायचं नाही, मग जेवणाची रांग असो, शाळेची बस असो की रविवारचं चर्च. तुम्ही म्हणाल, आईबाप गप्प कसे बसायचे? अहो, निम्म्या आईबापांनी ते स्वतः वागवलेलं होतं. जे आपल्या मानेला लागलं ते आपल्या लेकराच्या मानेला का लागू नये, हा गावाचा न्याय.

डुकरं पाळणाऱ्या प्रुइटचा लॉनी, त्याच्या मानेवर तर सुतळीचा वळच उठला होता. त्याला डुकरांची सगळी दुखणी कळायची, नांगर दुरुस्त करता यायचा, पण लॅटिनचं आणि त्याचं काही जमलं नाही. एका शुक्रवारी शेजारच्या मुलीला दया आली आणि तिने ओठांनीच त्याला शब्द सांगितला. लॉनीने तो बरोबर म्हटला. त्या वर्षात पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला होता. बाईंनी तो चेहरा नीट बघून घेतला आणि म्हणाल्या, "प्रुइट, दाराबाहेर. उसनं उत्तर इथे चालत नाही." त्या विषयात त्याला नापास केलं. तो दाराबाहेर गेला तो शाळेत परत आलाच नाही.

आणि ट्वायला रेनशॉ. ही बाईंची लाडकी. लाडकी म्हणजे तिला आडनावाऐवजी नावाने हाक मारायच्या, एवढेच काय ते लाड. ट्वायलाचा बाप ट्रॅक्टर उलटून गेला, त्याच आठवड्यात शुक्रवार आला. मुलगी शाळेत आली होती. घरी बसून रडण्यापेक्षा बरं, असं तिला वाटलं असेल. पहिलाच शब्द चुकली. सगळा वर्ग बाईंकडे बघत राहिला. बाईंनी टेबलावरचं खुरपं उचललं आणि तिच्या गळ्यात घातलं. ट्वायला बापाच्या दफनाला तशीच गेली. नंतर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती, तिथे तिची काकू ते काढायला गेली तर हिने सुतळी घट्ट धरली आणि म्हणाली, "अजून आठवडा झाला नाही." ही हकिकत बाईंच्या कानावर आली तेव्हा त्यांना भरून आलं. ही खरी माझी, असं त्यांनी मनात म्हटलं. काय म्हणावं अशा माणसाला.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेच्या जेवणाला भाषण ट्वायलानेच केलं. तोवर ती शिकून मोठ्या हॉस्पिटलात लागली होती. ज्यांची वाचा गेली आहे त्यांना पुन्हा बोलायला शिकवणं, हे तिचं काम. "त्या एका आठवड्याने मला घडवलं," ती म्हणाली. टाळ्या पडल्या. बाईंनी सगळ्यांसमोर खुरपं तिच्या हातात ठेवलं. बक्षीस म्हणून.

त्यानंतर बाई आपल्या घरात एकट्या राहिल्या. लग्न केलेलं नव्हतं. सोबतीला केटो नावाचा लांब कानांचा कुत्रा. त्याच्याशी बाई दिवसभर बोलायच्या, भांडायच्या, सकाळच्या टोस्टची कड त्याला द्यायच्या. गावाने ते बघितलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता, पण गावाला त्या घरात बोलावलं कुणी होतं?

परसातल्या पेअरच्या झाडाखाली बाई कोसळल्या तेव्हा केटोने भुंकून शेजारी गोळा केले. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. समजत सगळं होतं. डोक्यात लख्ख उजेड, पण तोंडाशी येईपर्यंत शब्दाचा पत्ता नाही. उरलं काय? तर मुळं उरली, आणि जन्मभर रोज घोटलेली चार वाक्यं. खण. शून्य. बस खाली. दाराबाहेर. हॉस्पिटलातून बाईंना वृद्धाश्रमात आणलं, तिथल्या सगळ्यांना डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की फार घोटलेले शब्द असे आपोआप बाहेर पडतात, म्हातारीच्या मनात तसं नसतं, लावून घेऊ नका. तरी सकाळी प्रेमाने केस विंचरून देणाऱ्या मुलीला बाई आभार मानायला गेल्या आणि तोंडातून निघालं, "शून्य." पहिल्यांदा ती हसली. पुढे पुढे तिने विंचरताना बोलणंच सोडलं.

बाईंना घरी जायचं होतं. दुसरं काही नको होतं. भाऊ वारला होता, त्याचा मुलगा गॅरेट हाच काय तो वाली. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. पलंगाशी उभं राहून त्याने सरळ सांगून टाकलं.

"अर्डिथ आत्या, ती बोलण्याची चाचणी घेणार आहेत ना, तिच्यात निम्म्याहून जास्त चित्रांची नावं आली तर तू घरी. दिवसा एखादी बाई ठेवू. एकटीला राहायचं तर निदान काय हवं-नको ते फोनवर सांगता यायला पाहिजे, हे तुलाही पटेल. नाही आली तर घर विकायला काढावं लागेल."

बाईंनी डाव्या हाताने चादरीवर कुत्र्याचे कान काढून दाखवले.

"केटो ना? त्याचं काय करू मी? बायकोला दम्याचा त्रास. म्हातारं झालंय बिचारं, कोण घेणार त्याला. तू घरी गेलीस तर तुझ्याकडेच. नाहीतर गुरांच्या डॉक्टरला सांगून ठेवलंय, एक सुई, झोपेतच जाईल. त्या दिवशी मी त्याला गाडीत घेऊनच येतो. काय ते एका खेपेत होऊन जाईल."

एका खेपेत.

तशी आशा होती. मधे एकदा बाईंचा बोलण्याचा सराव घ्यायला बदलीवर एक नवखी पोरगी आली होती. तिने पावाचं चित्र दाखवून नुसतं "ब्र" म्हटलं, तर बाईंच्या तोंडून "ब्रेड" टपकन पडला. मग "श" म्हटल्यावर "शू". पोरीने टाळी वाजवली. पहिला आवाज मिळाला की पुढचा शब्द सापडतो, एवढं बाईंना कळून चुकलं. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

चाचणी घ्यायला ट्वायला आली. बाईंना वाटलं, आता काळजी नाही, माझीच मुलगी.

खोलीत तिघंच होते. चाकाच्या खुर्चीत बाई, समोर ट्वायला, आणि खुर्ची ढकलून आणणारा लॉनी प्रुइट भिंतीशी. हो, तोच लॉनी. वृद्धाश्रमात पडेल ते काम करायचा, पाइप दुरुस्त करायचा, फरशी पुसायचा, म्हाताऱ्यांना इकडून तिकडे न्यायचा. बाईंना आणल्या दिवसापासून त्याने एक वाकडा शब्द काढला नव्हता. बाईंना ते टोचायचं.

ट्वायलाने पिशवीतून खुरपं काढून टेबलावर ठेवलं. घासून-पुसून ठेवलं होतं, सुतळी तेवढी जुनीच.

"शुभशकुन म्हणून आणलंय," ती म्हणाली. "बाई, एक गोष्ट आधीच सांगते. नियमाप्रमाणे माणूस अडला तर मी पहिला आवाज सुचवायचा असतो, आणि त्यावर शब्द आला तर तो आला असं धरायचं. बाकी सगळ्यांना मी सुचवते. तुम्हाला नाही सुचवणार. तुमचा असला अपमान माझ्या हातून व्हायचा नाही."

सुचव ग, बाईंना म्हणायचं होतं. अपमान झाला तर झाला, सुचव. त्यांनी सगळा जोर लावून तोंड उघडलं.

"खण," त्या म्हणाल्या.

ट्वायलाचे डोळे भरून आले. "हो बाई," ती म्हणाली. "खणा."

पहिलं चित्र टेलिफोनचं. बाईंनी डोळे मिटले. टेली, दूर. फोन, आवाज. "टेली," म्हणाल्या, थांबल्या, "फोन." ट्वायलाने मान डोलावली. मग कॅमेरा आला, तोही खणून निघाला. बाईंना वाटलं, जमतंय. मग छत्री आली. छत्रीखाली 'उंब्रा' होतं, सावली, पण वरचा शब्द काही केल्या येईना. "उंब्रा," बाई म्हणाल्या. "उंब्रा."

"मूळ बरोबर आहे," ट्वायला हळूच म्हणाली. "शब्द?"

शब्द नाही आला. ट्वायलाने कागदावर एक गोल काढला, निगुतीने.

आणि मग निघालं ते सगळं स्वयंपाकघर. पाव. बाईंच्या तोंडात 'पानिस' आलं, ते लॅटिन, ते चालत नाही. बूट. किल्ली. बादली. घर. ज्या शब्दांना बाईंनी जन्मभर वर्गात पाऊल ठेवू दिलं नव्हतं ते सगळे एकामागून एक समोर येऊन उभे राहिले, आणि त्यांच्याखाली खणायला काही नव्हतंच. खणलं की दुसरंच काहीतरी हाताला लागायचं. कागदावर गोलांची रांग लागली. अजून निम्मी चित्रं बाकी होती, अजून जमलं असतं. मधूनमधून ट्वायला म्हणायची, "सावकाश, बाई." आवाजात इतकी माया की ऐकणाऱ्याला गहिवरून यावं.

चमच्याचं चित्र आलं. बाईंनी हताश होऊन नजर उचलली तर ट्वायलाच्या पाठीमागे लॉनीचे ओठ हलत होते. आधी दातांतून हवा सोडली, मग ओठ मिटले, मग गोल केले. स्पू. पुन्हा एकदा, सावकाश. स्पू. बाईंना दिसलं. बाईंना कळलं. त्यांच्या जिभेने तो आवाज पकडला, "स्प," आणि शब्द घशापर्यंत आला.

ट्वायलाने मान वळवली.

"लॉनी, दाराबाहेर," ती शांतपणे म्हणाली. "उसनं उत्तर इथे चालत नाही."

बाईंनी आपलाच आवाज ऐकला. लॉनी बाहेर गेला. दार लागलं आणि घशातला शब्द खाली उतरला तो उतरलाच.

शेवटाकडे कुत्र्याचं चित्र आलं. लांब कानांचा, जीभ बाहेर काढलेला. बाईंचा चेहरा असा फुलला की ट्वायलासुद्धा पुढे झुकली. शोधायला लागलंच नाही.

"केटो," बाई म्हणाल्या. स्वच्छ, खणखणीत. "केटो. केटो."

"ते त्याचं नाव झालं, बाई. शब्द?"

"केटो."

"तुम्ही मला हे धरू दिलं असतं का?" ट्वायलाने विचारलं. खरोखरच उत्तर हवं असल्यासारखी ती थांबली. मग तिने गोल काढला.

मोजायची गरज नव्हती, तरी तिने मोजलं. पुरेसे शब्द आले नव्हते. निम्म्याच्या जवळपासही नाही. ट्वायला उठून बाईंच्या खुर्चीशी आली. खुरपं उचलून तिने सुतळी बाईंच्या डोक्यावरून घातली, खाली अडकलेले पांढरे केस अलगद सोडवले, आणि कपाळाचा मुका घेतला.

"एकच आठवडा," ती म्हणाली. रडत होती. कशाचं रडत होती ते तिचं तिला माहीत असेल तर असेल. "तुम्हीच मला घडवलंत, बाई." मग डोळे पुसून ती गॅरेटला निकाल सांगायला खाली गेली.

लॉनी खुर्ची न्यायला आत आला. बाईंच्या छातीवरचं खुरपं बघून जागीच थांबला. त्याने हात पुढे करून सुतळी उचलली, बाईंच्या मानेवरून काढली आणि खुरपं आपल्या कामाच्या डगल्याच्या खिशात टाकलं.

"मला सवय आहे त्याची," म्हणाला.

खोलीपर्यंत त्याने खुर्ची आणली, खिडकीशी लावली. खाली अंगणात गॅरेटची गाडी उभी होती. मागच्या काचेला नाक लावून केटो बसला होता. बाईंच्या घशातून एक आवाज निघाला, तो कुठल्याच भाषेतला नव्हता. लॉनी खुर्चीसमोर उकिडवा बसला, म्हणजे बाईंना मान वर करावी लागू नये.

"बाई, मी नेऊ का त्याला? माझ्याकडे जागा आहे, कुंपण आहे. आणखी दोन आहेत, एक वाढला म्हणून काय. रविवारी इथे तुमच्याकडे घेऊन येत जाईन, नर्सशी बोलून ठेवलंय मी. पण कुत्रा तुमचा. तुम्ही नुसतं हो म्हणा, की मी खाली जाऊन गॅरेटला थांबवतो."

हो. बाईंना दुसरं काहीच म्हणायचं नव्हतं. हो, लॉनी. ने त्याला. त्या हो शोधायला आत उतरल्या आणि खणायला लागल्या. आणि तिथे काही नव्हतं. लॅटिनमध्ये हो नव्हतंच, जन्मभर पोरांना त्यावरून हसवलं होतं. खाली गॅरेट गाडीचं दार उघडत होता. लॉनी वाट बघत होता. बाई खणत राहिल्या, आणि जे वरच पडलेलं होतं ते बाहेर आलं.

"शून्य. बस खाली, प्रुइट."

म्हातारीच्या मनात तसं नसतं, हे लॉनीला ठाऊक होतं. सगळ्यांबरोबर त्यानेही ते ऐकलं होतं, नव्या मुलींना तो स्वतः समजावून सांगायचा. पण इथे आल्यापासून बाईंनी दुसऱ्या कुणाला आडनावाने हाक मारली नव्हती. तो उठला. खिशातलं खुरपं काढून बाईंच्या मांडीवर ठेवलं, खाली वाकला आणि खुर्चीचा ब्रेक लावायला लागला. बाई मान हलवत होत्या, वर-खाली, वर-खाली, जेवढी हलेल तेवढी. तो चाकाकडे बघत होता.

"बरं, बाई," म्हणाला आणि निघून गेला.

अंगणातून गाडी वळली. मागच्या काचेतला केटो वळणापर्यंत दिसत होता.

संध्याकाळी जेवणाच्या खोलीत बाईंना टेबलाशी बसवलं. सकाळी केस विंचरणारी मुलगीच वाढत होती. बटरस्कॉच पुडिंगचं भांडं घेऊन ती फिरत फिरत बाईंपाशी आली, आणि दुसरीकडेच बघत सवयीने विचारलं, "अजून देऊ?"

"हो," बाई म्हणाल्या.

मुलीच्या हातातला डाव थांबला. "अगं बाई, बोलल्या," ती म्हणाली. "हो म्हणाल्या. ऐकलंत का तुम्ही?" आजूबाजूच्या टेबलांवर म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. नर्स धावत आली, तिने बाईंचा गालगुच्चा घेतला आणि ट्वायलाबाईंना फोन करून कळवायलाच हवं म्हणून तशीच बाहेर पळाली. मुलीने कौतुकाने बाईंच्या वाडग्यात पुडिंगचे दोन डाव घातले, वर आणखी एक घातला, आणि चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला.